वाहनतळावरचे पाणी

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅलीच्या वाळवंटात, बॅडवॉटरच्या वाहनतळावर आम्ही उतरलो. ही भूमी समुद्रसपाटीखाली ८६ मीटर. मागच्या कड्यावर उंच लावलेली पाटी समुद्राची पातळी दाखवते. जवळच डबके आहे, पण त्याचे पाणी खारट. पायवाटेकडे निघताना शेजारच्या मोटारीतील वृद्ध गृहस्थाने विचारले, "पाणी पुरेसे आहे ना?" आणि दोन बाटल्या आमच्या हाती ठेवल्या. आम्ही कोण, कुठले, हे विचारले नाही. याच पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला होता. आम्हाला वसतिगृहातला सर्वांचा एकच रांजण आठवला. छायाचित्रात पाटी आली, ते गृहस्थ राहून गेले. तेव्हापासून आमच्या गाडीत दोन बाटल्या अधिक असतात. त्या आमच्यासाठी नसतात.