नराचा समुद्र, मादीचा समुद्र

अमुक समुद्रपक्षी काय खातो, असं कुणी विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो: नर की मादी? पुष्कळ जातींमध्ये या दोघांची उत्तरं वेगळी येतात.

दक्षिण अटलांटिकमध्ये साउथ जॉर्जियालगतच्या बर्ड आयलंडवर जायंट पेट्रेल घरटी करतात. नर धिप्पाड, चोचही जाड. फर सीलच्या विणीच्या काळात किनाऱ्यावर मेलेले सील पडलेले असतात. त्यांवर नर ठाण मांडतात आणि माद्यांना हुसकावून लावतात. माद्याही मढ्यांवर येतात, पण त्यांचा बराचसा भर समुद्रावर असतो; क्रिल, म्हाकूळ, मासे यांचा वाटा त्यांच्या आहारात अधिक.

वॉन्डरिंग अल्बाट्रॉसमध्ये भांडण नाही, तरी वाटणी आहे. पंखांचा पसारा तीन मीटरच्या वर, नर मादीपेक्षा सुमारे 20 टक्के जड. हिंदी महासागराच्या दक्षिणेला क्रोझे बेटांवर 1989 साली जुवांतँ आणि व्हायमर्सकिर्श या संशोधकांनी या पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाला संकेत देणारे ट्रान्समीटर बसवले. एकेका फेरीत हजारो किलोमीटर! पुढच्या नोंदींतून दिसलं, की नर अंटार्क्टिकाच्या बाजूच्या सोसाट्याच्या वाऱ्यात अधिक वावरतात, तर माद्या उत्तरेच्या उबदार पाण्याकडे वळतात. वजन कमी असल्यामुळे मंद वाऱ्यातही मादीला तरंगत राहता येतं.

माझं काम पिसांचं. पीस वाढत असताना पक्ष्यानं जे खाल्लं, त्याची खूण त्यात कायमची राहते. नायट्रोजनच्या समस्थानिकांवरून अन्नसाखळीतली पायरी कळते, कार्बनच्या समस्थानिकांवरून समुद्राचा पट्टा; दक्षिणेकडे जावं तसं कार्बन-13चं प्रमाण घटत जातं. पक्ष्याला न मारता एवढी माहिती मिळते, म्हणून ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

आणि नर-मादींच्या या वाटणीतच काळजीची गोष्ट आहे. वॉन्डरिंग अल्बाट्रॉसच्या माद्या वळतात त्याच उबदार पाण्यात ट्यूना पकडणाऱ्या लाँगलाइन बोटी असतात. दोर कित्येक किलोमीटरचे, त्यांना हजारो गळ. आमिष बुडण्याआधी पक्षी त्यावर झडप घालतो, गळात अडकतो आणि बुडून मरतो. नरांपेक्षा माद्या यात जास्त सापडतात. ही जात दोन वर्षांतून एकदा, एकच अंडं घालते. पिल्लाला भरवायला दोघंही लागतात. मादी गेली की घरट्यातलं पिल्लू उपाशी मरतं आणि मागे उरलेल्या नराला नवी जोडीदारीण मिळायला वर्षं जातात, कारण माद्याच कमी पडलेल्या असतात. पक्ष्यांची नुसती एकूण संख्या पाहणाऱ्याला हे कळणारच नाही.

रात्री दोर सोडणं, दोरांना वजनं बांधणं, बोटीमागे पक्ष्यांना बुजवणाऱ्या झिरमिळ्या लावणं, हे उपाय माहीत आहेत आणि स्वस्तही आहेत. ते सक्तीनं पाळले जावेतच. शिवाय बोटीवरच्या निरीक्षकांनी गळाला लागलेल्या प्रत्येक पक्ष्याचं एक पीस जपून ठेवावं. त्यावरून नर की मादी हे डीएनए तपासून सांगता येतं.