हरल्यावर नेमकं काय मोडायचं?

अमेरिकेतल्या एनसीएए पुरुष बास्केटबॉल स्पर्धेत पहिलं मानांकन असलेला संघ सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून कधीच हरत नसे. १३५ सामने झाले, १३५ वेळा हाच निकाल. १६ मार्च २०१८ ला मात्र अघटित घडलं. व्हर्जिनिया विद्यापीठाचा बलाढ्य संघ यूएमबीसी नावाच्या फारशा कुणाला माहीत नसलेल्या संघाकडून हरला. तेही ७४-५४!

माझा भाचा तेव्हा व्हर्जिनियातच पीएच.डी. करत होता. त्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे शनिवारची सकाळ होती. "मामा, ही डिफेन्सची पूजा आता बंद केली पाहिजे!"

व्हर्जिनियाचे कोच टोनी बेनेट 'पॅक लाइन' डिफेन्स खेळवायचे. त्यांच्या वडिलांनी, डिक बेनेट यांनी, तो बसवलेला. चेंडू ज्याच्याकडे असेल त्याला एकाने भिडायचं, बाकी चौघांनी आत दाटी करून बास्केटकडे घुसायला फटच ठेवायची नाही. स्वतःचा अटॅकही अगदी सावकाश. ३० सेकंदांचं शॉट क्लॉक संपत येईपर्यंत चेंडू फिरवत राहायचं.

भाच्याचं म्हणणं, इतकं सावकाश खेळलं की दोन्ही संघांना संधी कमी मिळतात, आणि संधी कमी तितका नशिबाचा वाटा जास्त. कसोटीत दुबळा संघ सहसा मार खातो, टी-ट्वेंटीत कधीकधी बाजी मारतो, तसंच हे.

मुद्दा बिनतोड होता. पण मी म्हटलं, अरे, हाफटाइमला २१-२१ अशी बरोबरी होती. दुसऱ्या अर्ध्यात ५३ गुण दिले, एरवी हा संघ अख्ख्या सामन्यात जेमतेम तेवढे देतो! म्हणजे डिफेन्स टाकाऊ नव्हता, त्या दिवशी तो मोडला. का मोडला? मागे पडल्यावर घाई करावी लागली, आणि घाईचा खेळ यांच्याकडे नव्हताच. तीन गुणांचे २२ शॉट मारले, ४ गेले. शिवाय डिआंद्रे हंटर मनगट मोडून बाहेर बसलेला.

वाद तासभर चालला. त्याच आठवड्यात त्याचा एक पेपर नाकारला गेला होता, आणि तो संशोधनाचा विषयच सोडून द्यायच्या विचारात होता, हे मला ताईकडून कळलं होतं. त्यामुळे मी जरा जास्तच जोर लावून भांडत होतो...

पुढच्या मोसमात बेनेट यांनी डिफेन्स तसाच ठेवला. वेगही वाढवला नाही. अटॅकमध्ये मात्र बॉल स्क्रीनवर उभारलेली नवी रचना आणली. एप्रिल २०१९ मध्ये टेक्सस टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ हरवून ते विजेते झाले. हंटरचे २७ गुण.

मी विजयी मुद्रेने फोन केला, तर भाचा म्हणतो, "सेमीफायनल ६३-६२ ने जिंकलेत. ते तीन फ्री थ्रो चुकले असते तर तू काय म्हणाला असतास?"

खरं आहे. निकालावरून तत्त्वज्ञान काढणं सोपं असतं, आणि ते दोन्ही बाजूंनी काढता येतं. मला बेनेट यांचं कौतुक वाटतं ते त्या कपामुळे नाही. इतकी नामुष्की झाल्यावर सगळंच मोडून टाकावंसं वाटतं, किंवा हट्टाने काहीच बदलू नये असं वाटतं. त्यांनी नेमकं काय मोडलं ते शोधलं आणि तेवढंच दुरुस्त केलं. पुढचे तीन फ्री थ्रो आत जाणं कुणाच्याच हातात नसतं.

भाच्याने विषय सोडला नाही. पद्धत बदलली. डिफेन्सबद्दलचं मत मात्र अजून तेच आहे!