राहण्याचा पुरावा

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना मिळाला. त्या दिवशी मी न्यू जर्सीत होते आणि अमेरिकेचा पासपोर्ट हातात येऊन बरीच वर्षं झाली होती. माझा जन्म मिरजेचा, शाळा सांगलीची, कॉलेज पुण्याचं. पण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं जातं. त्यामुळे निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर कोलकात्याला, सासूबाईंच्या घरी कायमची राहायला आले, ती कागदोपत्री परदेशी म्हणून. आधारसाठी अर्ज केला, तोही परदेशी रहिवासी म्हणूनच.

माझ्याकडे ओसीआय कार्ड होतं. मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारं हे कार्ड म्हणजे जन्मभराचा व्हिसा. ते असलं की मुदतवाढीसाठी धावावं लागत नाही. एरवी १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. कोलकात्यात त्यासाठीचं कार्यालय आचार्य जगदीशचंद्र बोस रोडवर आहे. मला तिथे जावं लागलं नाही. मात्र ओसीआयवाल्याला मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. हे मला आधीपासून ठाऊक होतं आणि मान्यही होतं. नागरिकत्व मी स्वतःहून सोडलं होतं.

अडचण रोजच्या जगण्यात येत होती. मोबाइलचं सिम घेताना, गॅसची नोंदणी करताना, रुग्णालयात सासूबाईंच्या कागदांवर जवळची व्यक्ती म्हणून सही करताना प्रत्येक खिडकीतून एकच प्रश्न यायचा, ‘आधार?’ मी निळं कार्ड पुढे करायचे. समोरचा ते उलटून पालटून बघायचा, कुणाला तरी हाक मारायचा आणि मागची रांग थांबायची. सासूबाई शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. पेन्शनसाठी दर नोव्हेंबरमध्ये त्यांना हयातीचा दाखला लागतो. तो आता आधारच्या आधाराने, यंत्रावर अंगठा ठेवून घरबसल्या मिळतो. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या त्या बाई अर्ध्या मिनिटात सरकारला आपण असल्याचं सांगायच्या, आणि त्यांचं सगळं बघणारी मी प्रत्येक खिडकीवर नव्याने स्वतःची ओळख करून देत उभी असायचे. एका संध्याकाळी त्या मला म्हणाल्या, ‘बौमा, तुमिओ एकटा कोरिये नाओ.’ तूही एक करून घे.

मग कायदा वाचला. २०१६ च्या आधार कायद्यात ‘रहिवासी’ कोण, हे थोडक्यात सांगितलं आहे. अर्जाच्या लगतच्या बारा महिन्यांत ज्याने एकूण १८२ दिवस किंवा त्याहून जास्त काळ भारतात काढला, तो रहिवासी. त्यात जन्म, धर्म किंवा आईवडील कुठले, हे विचारलेलं नाही. त्याच कायद्याचं नववं कलम सांगतं की आधार हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. बारा आकड्यांमध्येही कुठली खूण दडलेली नसते. ते आकडे जुळवताना जात, जिल्हा, देश यांतलं काहीच विचारात घेतलं जात नाही. मला हे फार आवडलं. राज्यसंस्था माणसाला विचारते आहे, तू इथे राहतोस का? आणि उत्तर म्हणून ती दिवस मोजते आहे. चूल पेटवणं, औषधं आणणं, पावसात घर सांभाळणं, या सगळ्याचे जे दिवस होतात, तेच.

परदेशी रहिवाशांसाठी आता वेगळे अर्ज आहेत. अठरा वर्षांवरच्यांसाठी सात क्रमांकाचा. त्यात ईमेल द्यावाच लागतो. ओसीआय कार्डधारकांना आणि नेपाळ, भूतानच्या नागरिकांना आधार दहा वर्षांच्या मुदतीचं मिळतं. बाकीच्यांचं आधार व्हिसाच्या मुदतीपुरतंच असतं. आमच्या ओळखीची एक परदेशी मुलगी इथे बंगाली साहित्य शिकते. तिचा व्हिसा संपला की तिचं आधारही संपेल.

आम्ही गेलो त्या केंद्रातल्या मुलाने असा अर्ज आधी पाहिला नव्हता. पण त्याने हात झटकले नाहीत. ‘काकीमा, बोशून,’ म्हणत खुर्ची दिली आणि वरिष्ठांना फोन लावला. अमेरिकेचा पासपोर्ट, ओसीआय कार्ड, येण्याजाण्याचे शिक्के, सगळं नीट पाहिलं. घोडं अडलं ते पत्त्यापाशी. ज्या घरात मी राहते, त्याचं विजेचं बिल अजून सासऱ्यांच्या नावाने येतं, आणि ते जाऊन खूप वर्षं झाली. घर सासूबाईंच्या नावावर, पाणी आणि कर त्यांच्याच नावावर, गॅस नवऱ्याच्या नावावर. त्या पत्त्यावर माझ्या नावाचा एकही कागद नव्हता. ज्या घरातली प्रत्येक बरणी मला ठाऊक, तिथे मी राहते असं सांगणारा कागद मला पुढच्या काही आठवड्यांत मुद्दाम तयार करून घ्यावा लागला. तो मिळाल्यावर पुन्हा गेलो.

मग त्या मुलाने समोरचा पडदा माझ्याकडे वळवला. तिथे माझं नाव इंग्रजीत आणि बंगालीत उमटलं होतं. आधी डाव्या हाताची चार बोटं यंत्रावर ठेवली, मग उजव्या हाताची चार, मग दोन्ही अंगठे. साठीनंतर बोटांच्या रेषा झिजतात. त्यातून माझा जन्म भांडी घासण्यात आणि बागकामात गेलेला. दोनतीनदा पुसून, दाबून ठसे उमटले. मग डोळ्यांची बुबुळं, मग फोटो. हाती नोंदणीची पावती आली. पुढे यथावकाश पोस्टमनने पाकीट आणलं आणि सासूबाईंनी देवघरात ठेवून त्याला नमस्कार केला.

त्या कार्डाने काय बदललं? गॅसवाल्याने माझ्या नावाचं पुस्तक केलं. बँकेची कामं फोनवर येणाऱ्या आकड्यांवर व्हायला लागली. जुलै २०२५ पासून रेल्वेच्या तत्काळ तिकिटांना ऑनलाइन आधारची पडताळणी लागते. मावशी आजारी पडल्या, तेव्हा मिरजेला जायचं तिकीट मी स्वतः काढलं. औषधाच्या दुकानापासून सोसायटीच्या फाटकापर्यंत कुठेही थांबावं लागलं नाही. खिडकीपाशी आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होत नाही, ही भावना किती मोठी असते, हे तो खोळंबा सोसलेल्यालाच कळेल.

मराठी माणसाचं आणि या शहराचं नातं जुनं आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने इथल्या लोकांनी खंदक खणला होता. पुढे देवघर या गावाजवळ जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ हे पुस्तक बंगालीत लिहिलं. ते घराघरांत पोचलं आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. धास्तीचा परका ते घरचा लेखक, हे अंतर राहण्याने आणि भाषेने ओलांडलं गेलं. पण या शहरात असेही लोक आहेत, ज्यांना पिढ्यानपिढ्या राहूनही ते अंतर कागदावर ओलांडता आलं नाही. मला हे माझ्या घरापासून फार लांब नसलेल्या टेंगरामध्ये कळलं.

कोलकात्यात चिनी वस्ती अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आहे. बजबजजवळचं आछिपूर हे गाव तिथे साखरेचा कारखाना काढणाऱ्या चिनी माणसाच्या नावावरून ओळखलं जातं. पुढे सुतारकाम, जोडे, दातांचे दवाखाने, टेंगरातले चामड्याचे कारखाने, असे हे लोक शहरात मुरले. १९६२ च्या युद्धाने त्यांची घडी मोडली. ईशान्य भारत आणि दार्जिलिंगच्या बाजूच्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेऊन ठेवलं गेलं. त्यात बायका, म्हातारे, तान्ही मुलं होती. काहींची सुटका व्हायला १९६७ उजाडलं. कोलकात्यात राहिलेल्यांच्या हालचालींवर निर्बंध आले, पोलिसांकडे हजेरी आली.

सासूबाईंच्या शाळेत शिकलेल्या एक चिनी आजी टेंगरात राहतात. त्यांच्याकडे मी अधूनमधून जाते. त्यांचा जन्म स्वातंत्र्याच्या आधीचा, याच शहरातला. त्या माझ्याहून अस्खलित बंगाली बोलतात. ती माझ्या सासरची भाषा, पण त्यांची बालपणापासूनची. तरी कित्येक वर्षं त्यांच्याजवळ परदेशी म्हणून नोंद केलेली एक पुस्तिका होती. ठरावीक मुदतीने जायचं, फी भरायची, शिक्का घ्यायचा. शहराबाहेर लग्नाला जायचं तरी आधी परवानगी काढायची. फार उशिरा, केस पांढरे झाल्यावर, त्यांना नागरिकत्व मिळालं आणि मग मतदार कार्ड, आधार, सगळं आलं. त्यांच्या थोरल्या बहिणीने मात्र अर्ज केलाच नाही. कोलकात्यात जन्मून, कोलकात्यातच आयुष्य काढून, त्या परदेशी म्हणून गेल्या. आजींनी हे मला कसलाही राग न दाखवता सांगितलं. मला मात्र घरी आल्यावर जेवण गेलं नाही. मी ऐन उमेदीची वर्षं देशाबाहेर काढली, स्वतःच्या इच्छेने नागरिकत्व सोडलं, आणि परत आल्यावर मला ओळख मिळाली ती एका भारदस्त पासपोर्टाच्या जोरावर. त्यांनी एक दिवसही हे शहर सोडलं नव्हतं. दिवसच मोजायचे, तर त्यांच्यापुढे माझे दिवस कितीसे?

कायदा राहण्यावर बोट ठेवतो हे खरं आहे आणि ते चांगलं आहे. पण दिवस मोजण्याआधी कागद बघितले जातात, आणि कागदाला कागदच जन्म देतो. पासपोर्ट असेल तर ओसीआय, ओसीआय असेल तर आधार, आधार असेल तर बाकीचं सगळं. ज्याच्याकडे पहिलाच कागद नाही, त्याचे दिवस कुणी मोजत नाही. पिढ्यानपिढ्या या शहरात सुकामेवा आणि व्याजाचे पैसे घेऊन फिरणाऱ्या काबुलीवाल्यांपैकी कित्येकांची हीच गत आहे.

कागदाची ही भीती परदेशी वंशाच्या लोकांपुरती राहत नाही, हेही मी इथेच पाहिलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये बंगालमधल्या काही लोकांना आधार निष्क्रिय केल्याची पत्रं आली. त्यात जे कलम लिहिलेलं होतं, त्याचा संबंध परदेशी माणसांच्या भारतातल्या वास्तव्याशी होता. नंतर आधार प्राधिकरणाने कुणाचाही क्रमांक रद्द केलेला नाही, असं सांगितलं. पण ते पत्र ज्याच्या हातात पडलं, त्याच्या मधल्या रात्री कशा गेल्या असतील, याची कल्पना मला करता येते. मग नोव्हेंबर २०२५ मध्ये मतदार याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी सुरू झाली. आमच्याकडे बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, आल्या, सासूबाईंचा फॉर्म देऊन गेल्या. माझ्यासाठी फॉर्म असणार नव्हता आणि नसायलाच हवा होता. मी निवांत होते. घाबरली होती ती आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी दीदी. रोज पहाटे कॅनिंग लोकल पकडून ती बालीगंजला उतरते. २००२ च्या यादीत स्वतःचं किंवा आईवडिलांचं नाव दाखवायचं होतं. तिच्या वडिलांचं नाव तीन कागदांवर तीन प्रकारे लिहिलेलं. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, जन्माची नोंदच नाही. आधार होतं, पण सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये बिहारच्या प्रकरणात आधारला ओळखीचा पुरावा म्हणून जागा दिली, तेव्हाच तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, हेही स्पष्ट केलं होतं. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी उभ्या होतो. तिच्या आणि माझ्या कार्डावर तसेच बारा आकडे, तोच सिंहाचा शिक्का. मी परदेशी असून निर्धास्त, आणि ती याच मातीतली असून कपाटातले कागद चाचपत होती.

तिच्याबरोबर बसून मी जुन्या यादीतलं तिच्या वडिलांचं नाव शोधलं. सापडलं, तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला. त्या कामात मला एक गोष्ट लख्ख दिसली, जी माझ्या अर्जाच्या वेळीही समोर आली होती. घर बाईच्या कष्टावर चालतं आणि कागद दुसऱ्या कुणाच्या, बहुतेकदा पुरुषाच्या, नावावर असतात. बिल सासऱ्याचं, घर नवऱ्याचं, रेशनच्या जुन्या कार्डावर ती फक्त कुणाची तरी बायको. वर्षानुवर्षं एका छपराखाली राहूनही तिच्या राहण्याचा लेखी पुरावा नसतो. लग्न करून परप्रांतात, परदेशात किंवा शेजारच्या जिल्ह्यात गेलेल्या कुठल्याही बाईची हीच कहाणी आहे.

आता आमच्या पाड्यातल्या बायका माझ्याकडे कागद घेऊन येतात. मला जे जमतं ते मी करते. अर्ज वाचते, नावांची अक्षरं जुळवते, केंद्रापर्यंत सोबत जाते. माझ्या आधारची मुदत दहा वर्षांनी संपेल. तेव्हा पुन्हा अर्ज करीन आणि त्या वेळच्या नियमांना सामोरी जाईन. माझ्याबाबत मला काळजी नाही. काळजी आहे ती मोजल्याच न गेलेल्या दिवसांची. १८२ दिवसांचं ते साधं, उदार कलम लिहिणाऱ्यांनी माणसाच्या राहण्याला मान दिला होता. तो मान टेंगरातल्या आजींपर्यंत, काबुलीवाल्यांपर्यंत, कॅनिंग लोकलमधून येणाऱ्या दीदीपर्यंत पोचायला हवा, आणि त्यासाठी शेजारी, शाळा, दवाखाना यांच्या साक्षीलाही किंमत असायला हवी. ते होईपर्यंत माझी एक कळकळीची विनंती आहे. घरातल्या प्रत्येक बाईच्या नावाने, ती राहते त्या पत्त्यावर, एक तरी कागद आजच करून घ्या. विजेचं बिल असो, पासबुक असो, गॅसचं पुस्तक असो. गरज पडेल, तेव्हा तो मिळवायला वेळ उरलेला नसतो.