बोहारीण आणि मोटार

मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, हे मला ठाऊक होते. पंधरा वर्षे इतक्या लवकर सरतात, हे मात्र ठाऊक नव्हते. अण्णांनी २०१० साली निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली आमची गाडी त्या उंबरठ्यावर येऊन उभी राहिली. तपासणी करून आणखी पाच वर्षे वाढवून घ्यावी, की मोडीत द्यावी?

अण्णा जन्मभर सायकलने शाळेत शिकवायला गेले. मोटार चालवायला ते कधीच शिकले नाहीत. रोज सकाळी ती पुसत मात्र. ते गेल्यावरही ती पुसली जाई. हात आईचा, एवढाच फरक. अशा गाडीविषयी 'मोडीत' हा शब्द उच्चारायला माझी जीभ रेटेना.

म्हणून मी मास्तरी हिशेब मांडला. पुण्यात २०२२ साली मेट्रो सुरू झाली. मुलगी तिने जाते, मी कॉलेजला बसने. गाडी महिन्यातून चारदा हलते. उरलेले दिवस विमा भरायचा, हवा भरायची, पावसात ताडपत्री घालायची! जावयाचेसुद्धा इतके लाड कोणी करीत नाही. आमची गल्ली तर अशा उभ्या जावयांनी भरून गेली आहे. पायी जाणाऱ्याने अंग चोरून चालावे.

अखेर आईनेच विचारले, "मोडीत गेली म्हणजे होतं काय रे तिचं?"

मी वर्गात सांगावे तसे सांगितले. आधी इंधन नि तेल काढून घेतात. बॅटरीतले शिसे पुन्हा बॅटरीत जाते. तांबे, अ‍ॅल्युमिनियम निराळे करतात. सांगाडा भट्टीत वितळून त्याचे पुन्हा पोलाद होते. शिवाय प्रमाणपत्र मिळते. ते दाखवले की नव्या गाडीच्या करात सवलत!

"म्हणजे बोहारीणच की," आई म्हणाली. "लुगडं विटलं की द्यावं. पण घरात भांडी पुरेशी असली, तर पातेलं घ्यायलाच हवं असं थोडंच आहे?"

"आणि रात्री-अपरात्री गाडी लागली तर?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या रात्री गाडी दारातच होती. चालवणारा तू एकटा, तू परगावी. यांना नेलं ते कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं."

सहा वर्षांत हे ती प्रथमच बोलली. स्वरात ठपका नव्हता. मला मात्र मान वर करवेना.

गाडी गेली. आईने फक्त पुसायचे फडके ठेवून घेतले; तिच्याच एका जुन्या पातळाचे होते ते. रिक्षावाल्याचा नंबर आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. आणि परवा पाहिले, तर जिन्याखालची अण्णांची सायकल लखलखत होती.