कॅसल रॉकचा थांबा

बेळगावहून रेल्वेने गोव्याला गेला असाल, तर कॅसल रॉकला गाडी रेंगाळते हे तुम्हाला ठाऊक असेल. पुढच्या घाटात दर ३७ फुटांना एक फूट उतार, म्हणून इथे जादा इंजिनं जोडतात. गेल्या दिवाळीत आजीला तिच्या माहेरी, पेडण्याला नेत होतो. खिडकीतून बघत ती म्हणाली, "अरे, इथंच आमच्या ट्रंका उघडून बघायचे."

१९६१ पूर्वी ही हद्द होती. इथे आपलं कस्टम, खाली कुळ्याला पोर्तुगिजांचं. पण त्याआधी एकदा हीच हद्द व्यापाराला खुली झाली होती. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटन आणि पोर्तुगालने लिस्बनला करार केला. १८८० ते १८९२ अशी बारा वर्षं गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. आपण बसलो होतो ती रेल्वे आणि मुरगावचं बंदर, दोन्ही त्याच करारातून उभी राहिली.

मी आजीला हे कौतुकाने सांगत होतो. तिने विचारलं, "आणि मीठ?"

कराराची दुसरी बाजू तीच होती. इंग्रजांचा मिठावर जबर कर. गोव्याचं स्वस्त मीठ मोकळं सोडलं तर तो बुडणार. म्हणून गोव्यातल्या मिठाचा ताबा इंग्रजांकडे गेला आणि पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये ठरले. गोव्यात मीठ महागलं, मीठ पिकवणाऱ्यांचा धंदा बसला. आजीच्या माहेरचं मिठागरही तेव्हाच सुटलं, असं घरात सांगतात.

माझं काम लंडनच्या कंपनीसाठी. २४ जुलै २०२५ ला भारत-ब्रिटन मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या, तेव्हा ऑफिसात आम्ही पेढे वाटले. माझ्या कोडला ना घाट लागतो, ना ट्रंक उघडावी लागते. पण त्या दिवशी मी फक्त माझ्या कामाचं कलम वाचलं होतं. 'मीठ' कुणाचं आहे, हे शोधलंच नव्हतं.

"मग करार करूच नयेत का गं?" मी विचारलं.

"करावेत की! रेल्वे नसती तर मी माहेरी कशी गेले असते?" आजी म्हणाली. "पण सही करण्याआधी मिठागरवाल्याला एकदा विचारावं."

मागून इंजिनाची शिट्टी झाली. गाडी हळूहळू घाट उतरू लागली.