डिकीच्या गाडीतून बालाघाट

आमच्या दारात गाडी आली त्या दिवशी गल्लीतली झाडून सारी मुले गोळा झाली होती. गाडी नवी नव्हती. २०१६ सालची, एका मालकाने वापरलेली, मध्यम आकाराची, मागे ऐसपैस डिकी असलेली पेट्रोलची गाडी. कंपनीचे नाव येथे देत नाही. आम्हाला तिची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. एवढेच सांगतो की, आमच्या घराण्यात स्वतःच्या मालकीची चारचाकी आली ती ही पहिलीच. आईवडिलांनी अनेक हंगाम ऊसतोड केली. त्यांच्या वाट्याला चाके आली ती टायरच्या बैलगाडीची, आणि तीसुद्धा भाड्याची.

आम्ही पडलो कारकून, त्यात बी. कॉम. त्यामुळे गाडीबरोबर घरात एक वहीही आली. तारीख, किलोमीटर, पेट्रोल, दुरुस्ती आणि सामान असे तिचे पाच रकाने. पाच वर्षांत ती वही भरत आली आहे. आता ओळखीतले तरुण विचारतात, "काका, कोणती गाडी घ्यावी? अ‍ॅव्हरेज किती देते? खर्च किती येतो?" त्यांच्यासाठी गेल्या जानेवारीतल्या एका दिवसाच्या प्रवासाचा हा वृत्तान्त, वहीतल्या नोंदींसह.

शनिवारचा दिवस होता. आत्याबाई अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात दाखल होत्या. त्यांना भेटायचे, परळीला बहिणीकडे जेवायचे आणि सिरसाळा, तेलगाव, वडवणी करत रात्री बीडला परतायचे, असा बेत होता. सर्व मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास पल्ला. बीडला रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, कित्येक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर. पण ती जाते अहिल्यानगरकडे. अंबाजोगाईला जायचे तर एसटी, नाहीतर स्वतःचे वाहन. गाडीत सौभाग्यवती, आई, मुलगी आणि आम्ही.

बीड सोडले की पालीजवळ बिंदुसरा धरण लागते आणि लगेच मांजरसुंब्याचा घाट सुरू होतो. हीच बालाघाटाची डोंगररांग. मांजरा नदी याच डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते. डाव्या-उजव्या बाजूला पिवळे पडलेले गवत, मधूनमधून सीताफळाची झुडपे. आज सोलापूर-धुळे महामार्ग चौपदरी असल्याने हा घाट सोपा वाटतो. पण गाडीची पहिली परीक्षा येथेच होते.

पहिल्या उन्हाळ्यात आमची गाडी याच चढावर तापली होती. काटा लाल रेघेला भिडला, बॉनेटमधून वाफ निघाली. मागच्या मालकाने रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरले होते. आपल्या भागातले बोअरचे पाणी क्षाराचे. घरातल्या हंड्याला जसा पांढरा थर धरतो, तसा तो रेडिएटरच्या नळ्यांत धरतो आणि पाणी खेळत नाही. गॅरेजवाले चाचा म्हणाले, "साहेब, तुम्ही फिल्टरचे पाणी पिता आणि गाडीला बोअरचे पाजता, हा कुठला न्याय?" रेडिएटर साफ करून कूलंट भरले, त्यानंतर आजतागायत तक्रार नाही. तापलेल्या रेडिएटरचे झाकण लगेच उघडू नये, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगावेसे वाटते. उकळते पाणी तोंडावर उडते.

घाट उतरताना आणखी एक खोड दिसते. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करायची, काही जण तर इंजिनच बंद करतात. इंजिन बंद पडले की ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही जड होतात. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना पाय काढला की उतारावर पेट्रोलचा पुरवठा आपोआप तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतच राहते. म्हणजे जीव धोक्यात घालून बचत काहीच नाही. धारूरचा घाट ज्यांनी पाहिला आहे, त्या अरुंद वळणांवर समोरून ट्रक आलेला ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना हे अधिक सांगायला नको.

मांजरसुंब्याहून नेकनूरमार्गे केजकडे वळलो. येथून डिकीच्या गाडीचे दुसरे दुखणे सुरू होते. ही गाडी लांब आणि बुटकी. चौघे-पाच जण बसले आणि डिकीत ज्वारीचे पोते टाकले की ती आणखी खाली बसते आणि गावोगावच्या मनमानी गतिरोधकांवर तिचे पोट घासते. पहिल्या वर्षी सायलेन्सरचा पाइप दोनदा जोडावा लागला. आता गतिरोधकावरून गाडी अगदी हळू आणि किंचित तिरपी घेतो, हवा नेमकी भरतो. पावसाळ्यात मात्र काळ्या रानातल्या पाणंद रस्त्यावर ती घालत नाही. ज्यांचे जाणे-येणे रोज शेतात आहे, त्यांनी उंच गाडी घ्यावी. ज्यांना डांबरी रस्त्याने लांब जायचे आहे, म्हाताऱ्या माणसांना आरामात न्यायचे आहे, त्यांना डिकीची गाडी बरी. आमच्या आईला उंच गाडीत चढवत नाही. या गाडीत ती खुर्चीवर बसावी तशी बसते.

केजला टाकी फुल केली. अ‍ॅव्हरेज काढण्याची खरी रीत हीच. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा पूर्ण भरताना जेवढे लिटर बसले त्याने मधल्या किलोमीटरला भागायचे. पडद्यावरच्या आकड्यावर आणि विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये. आमच्या वहीप्रमाणे महामार्गावर लिटरला १७, बीड शहरात १२ आणि एसी लावून घाटात १३. अलीकडे महामार्गाचे १७ चे १६ झाले. आम्ही इंजिनात दोष शोधत बसलो. पण कारण टाकीतच होते. २०२५ सालापासून पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जुन्या चारचाकींचे अ‍ॅव्हरेज यामुळे ६ ते ७ टक्के घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातच होता. हे इथेनॉल मका-तांदळापासून होते तसे उसापासूनही होते. म्हणजे ज्या उसावर आमच्या आईवडिलांचा कोयता चालला, तोच ऊस आज आमच्या गाडीच्या टाकीत आहे. आईला हे सांगितले तेव्हा ती हसली. म्हणाली, "मग तोडणाऱ्याला काय मिळतं, ते बी लिव्ह तुझ्या वहीत."

अंबाजोगाई म्हणजे मुकुंदराज आणि दासोपंतांचे गाव. डोंगरात कोरलेला हत्तीखाना पाहायला लांबून लोक येतात. पण जिल्ह्यातल्या गोरगरिबाला अंबाजोगाई आठवते ती दवाखान्यासाठी. बाळंतपण असो, सर्पदंश असो, "अंबाजोगाईला न्या" हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आत्याबाईंची तब्येत सुधारत होती. त्यांचे डबे, पांघरूण सारे डिकीतून आणले होते; नातेवाइकांचे सामान नेण्यासाठी डिकीसारखी सोय नाही.

बाहेर झाडाखाली आमच्यासारख्याच चार-पाच गाड्या उभ्या होत्या. मालकांशी बोलणे निघाले. एका शिक्षक बंधूंनी मोठे चकचकीत अलॉय व्हील आणि रुंद टायर बसवले होते. दिसायला छान, पण अ‍ॅव्हरेज दीडने उतरले आणि पहिल्याच खड्ड्यात रिम वाकली. एका ग्रामसेवकांनी सीएनजी किट बसवले. पैसे वाचतात, पण टाकीने अर्धी डिकी खाल्ली. एकाने समोर लोखंडी गार्ड लावला होता. असे गार्ड लावू नयेत, असे केंद्र सरकारने २०१७ सालीच कळवले आहे. ते पायी चालणाऱ्याला जीवघेणे ठरतात आणि एअरबॅग वेळेवर उघडण्यात अडथळा आणू शकतात. काचेवरची काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बंद केली, तरी ती अजून दिसते. आम्ही स्वतः पहिल्या महिन्यात जाड रेक्झिनचे सीट कव्हर, पायपोस, मड फ्लॅप आणि मोठ्या आवाजाचा टेप बसवला होता. त्या कव्हरचे दुखणे पुढे परळीत कळले.

परळीच्या वाटेवर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. राखेच्या गाड्या जातात त्या रस्त्यावर धूळ फार. एअर फिल्टर चोंदला की गाडीची ओढ घटते, म्हणून या भागात राहणाऱ्यांनी तो लवकर लवकर बदलावा.

बहिणीच्या घरी जेवताना गोष्ट निघाली गोपीनाथराव मुंडे यांची. परळीजवळच्या पांगरी येथे त्यांचे स्मारक आहे. केंद्रीय मंत्री झाल्यावर थोड्याच दिवसांत, ३ जून २०१४ रोजी, दिल्लीत त्यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीने धडक दिली. गाडी आमच्या गाडीसारखीच मध्यम आकाराची, डिकीची. ते मागच्या सीटवर होते. मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावला पाहिजे, ही चर्चा देशभर झाली ती तेव्हा. पुढे ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री पालघर जिल्ह्यात अपघातात गेले. तेही मागेच बसले होते आणि पट्टा नव्हता. मेहुणे म्हणाले, "भाऊजी, तुमच्या गाडीत मागे पट्टे आहेत का?"

आम्ही मोठ्या तोऱ्यात "आहेत" म्हणालो आणि दाखवायला गेलो. पट्टे होते, पण ते अडकवायच्या खोबण्या कुठेच दिसेनात! आमच्या हौसेच्या सीट कव्हरखाली त्या गाडल्या गेल्या होत्या. पाच वर्षे आई, पत्नी आणि मुलगी मागे बसत होत्या आणि आमच्या वहीत मात्र 'सीट कव्हर, उत्तम' अशी नोंद होती. मेहुण्यांनी विळी आणली. कव्हर कापले, खोबण्या वर काढल्या. नवे कव्हर कापताना जीव हळहळला, हे कबूल करतो.

निघायला अंधार पडला. सिरसाळा मागे टाकले. हंगाम भरात असल्याने रस्त्यावर उसाची वाहतूक होती. तेलगावच्या अलीकडे समोरून एक ट्रक आला. त्याच्या दिव्यांनी डोळे दिपले. तो निघून गेला आणि पुढच्याच क्षणी आमच्यापुढे उसाची भिंत उभी राहिली. बैलगाडी! मागे दिवा नाही, लाल पट्टी नाही, काही नाही. ब्रेक सर्व बळाने दाबला. गाडी फरफटत थांबली तेव्हा उसाची टोके बॉनेटला टेकली होती. मागे आई पुढे झेपावली आणि पट्ट्याने तिला जागीच धरले. मुलगी रडू लागली, पण कोणाला खरचटलेही नाही.

आम्ही रागाने खाली उतरलो. बैलांपुढे तिशीतला गाडीवान उभा, आणि मोळ्यांवर डोक्याला फडके गुंडाळलेली एक वयस्कर बाई. आम्ही काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "लेकरा, आत कुणाला लागलं तर न्हाई ना?"

आमचा राग जागच्या जागी जिरला. आई गाडीतून उतरली. त्या बाईजवळ गेली आणि विचारले, "कुठल्या गावच्या, बाई?" दोघी बोलत राहिल्या. गाडीवान म्हणाला, "दादा, लाल पट्टी मागच्या साली लावली व्हती. पावसात निघून गेली. नवी कोण देतंय?" आम्ही गाडीचे चमकणारे दिवे लावून त्यांच्या मागे हळूहळू चालत राहिलो, ते थेट गाडी वळेपर्यंत. वाटेत आई एवढेच म्हणाली, "आपण बी असंच बसायचो वर. तू माझ्या मांडीवर निजायचास."

त्या महिन्यात आम्ही नवा टेप घेण्यासाठी पैसे बाजूला ठेवले होते. टेप घेतला नाही. पुढच्या शनिवारी चमकणाऱ्या पट्ट्यांचे गुंडाळे घेतले. पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी, असा नियम आहे. कार्यालयातले दोन सहकारी आणि आमची मुलगी बरोबर आली. पट्टी नुसती चिकटवली तर निघते, म्हणून ती पत्र्यावर लावून पत्रा तारेने बांधला. संध्याकाळपर्यंत २३ बैलगाड्या आणि ६ ट्रॉल्या झाल्या.

तेव्हा गाडी घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना सांगणे असे. गाडी जरूर घ्या. ती आपल्या कष्टाची आहे, तिची लाज नको आणि माजही नको. अ‍ॅव्हरेज टाकी भरून काढा. कूलंट, ब्रेक, टायर यांवर पैसा सोडा, झगमगाटावर नको. मागचे पट्टे आजच वर काढून पाहा. आणि दर हंगामात आपापल्या गावच्या रस्त्यावर चार गाड्यांना तरी लाल पट्टी लावा.

आमच्या वहीतल्या 'सामान' या रकान्यात त्या दिवशीचा खर्च लिहिला आहे. एवढ्या वर्षांत त्या रकान्यातला वाया न गेलेला खर्च तोच.