'मागणीच नाही' म्हणे! : एका डावखुऱ्याची गिटार खरेदी

मागच्या महिन्यात माझ्या अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन गिटार घ्यायला गेलो होतो. दुकानात भिंतीवर तीस-चाळीस गिटारी टांगलेल्या. तिने एक हातात घेतली आणि लगेच फिरवली. गळा उजव्या हातात, तारा छेडायला डावा हात. दुकानदार हसला. "उलटी धरलीस बेटा," म्हणत त्याने ती सरळ करून दिली. तिने परत फिरवली. त्याने परत सरळ केली. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे वळला. "साहेब, पोरगी लहान आहे, आत्ताच उजव्या हाताची सवय लावा. लेफ्ट हँड मागवावी लागते. पूर्ण पैसे आधी, आणि माल परत घेत नाही. खरं सांगू का, मागणीच नाही."

"मागणीच नाही." हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकले त्याला आता सतरा वर्षे झाली. तेव्हा मी ते खरे मानले होते. त्याची किंमत मी कशी मोजली आणि हा युक्तिवाद मुळातच कसा फसवा आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

मी जन्मतः डावखुरा. शाळेत डाव्या हाताने लिहितो म्हणून एका गुरुजींच्या पट्ट्या बोटांवर खाल्ल्या. दुकानात पैसे देताना 'उजव्या हाताने दे' हे ऐकत मोठा झालो. आपल्या भाषेतच बघा. सरस ठरतो तो 'उजवा'. कमी प्रतीचे ते 'डावे'. भेदभाव करायचा म्हणजे 'डावे-उजवे' करायचे. एखाद्याला जाणूनबुजून बाजूला सारायचे तर त्याला 'डावलायचे'. क्षुल्लक काम म्हणजे 'डाव्या हाताचा मळ'. एक हात पवित्र आणि दुसरा हात मळाचा, ही वाटणी कोणत्या मानसिकतेतून येते हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. डावखुरेपणा म्हणजे जात नव्हे. डावखुऱ्याला कोणी गावाबाहेर ठेवले नाही, कोणी त्याचे पाणी तोडले नाही. ती तुलना मी करणार नाही आणि कोणी केलेली मला चालणार नाही. पण अन्याय लहान असला तरी त्याच्या समर्थनासाठी जे तर्क दिले जातात ते फार ओळखीचे असतात, आणि ते तपासण्याची सवय आपल्याला असली पाहिजे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी शिकवण्या घेऊन साठवलेल्या ३,२०० रुपयांत मी पहिली गिटार घेतली. अर्थातच उजव्या हाताची. दुकानदाराने तोडगा सांगितला, "तारा उलट्या लावा, झाली लेफ्टी." मी तारा उलट्या लावल्या आणि आमच्या गाणी गाणाऱ्या गटात वाजवू लागलो. गटातला ढोलकीवालाही डावखुरा होता. त्याने ढोलकी फिरवून घेतली आणि त्याचा प्रश्न तिथेच मिटला. माझा मिटला नाही. मोकळ्या तारा सुरात लागायच्या, पण बोटे गळ्यावरून वर सरकली की पेटी आणि गिटार यांचे जमायचे नाही. जयंतीच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री आमच्या ज्येष्ठ गायकांनी, अगदी प्रेमाने, मला सांगितले, "बाळा, तू उद्या कोरसमध्ये राहा. तुझा कान अजून तयार नाही."

मी ते मान्य केले. गिटार कपाटावर ठेवली ती जवळजवळ दोन वर्षे. माझ्यात संगीत नाही, असा मी निकाल लावून टाकला होता.

दोन वर्षांनी वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराने ती गिटार पाहिली आणि म्हणाला, "तुमच्या कानाला काय झालंय? सॅडल उलटं आहे." त्याने जे समजावले ते प्रत्येक डावखुऱ्याला माहीत असायला हवे.

स्टीलच्या तारांच्या गिटारीच्या एका साधारण संचात सर्वांत बारीक तार इंचाचा १२ हजारांश भाग जाड असते आणि सर्वांत जाड तार ५३ हजारांश. गळ्याच्या वरच्या टोकाला 'नट' नावाची पट्टी असते. तिच्यातल्या खाचा याच जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. तारा उलट्या लावल्या की जाड तार बारीक खाचेत बसत नाही आणि बारीक तार रुंद खाचेत खुळखुळते. हा दोष निदान डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही. खाली ब्रिजवर जी पट्टी असते ती सॅडल. स्टीलच्या तारांच्या गिटारीत ती मुद्दाम तिरकी बसवलेली असते, कारण सूर बरोबर लागण्यासाठी जाड तारेची लांबी बारीक तारेपेक्षा किंचित जास्त लागते. तारा उलटवल्या की हा हिशेबही उलटतो. जाड तार हवी त्यापेक्षा आखूड होते आणि दाबल्यावर चढी बोलते. बारीक तार लांब होते आणि उतरी बोलते. गिटार कितीही लावा, वरच्या पडद्यांवर ती बेसूरच राहणार. याशिवाय लाकडी पोटाच्या आत ज्या आधारपट्ट्या असतात त्याही बहुतेक गिटारींत दोन्ही बाजूंना सारख्या नसतात. वरचे पडदे गाठायला दिलेली कटाची खाच भलत्या बाजूला जाते. गळ्याच्या कडेवरच्या खुणेच्या ठिपक्यांचे तोंड जमिनीकडे होते.

म्हणजे दोष माझ्या कानात नव्हता, एका छोट्याशा पट्टीत होता. पण मला दोन वर्षे तो माझाच वाटला. मित्रांनो, चुकीचे साधन माणसाच्या हातात दिले की तो साधनावर शंका घेत नाही, स्वतःवर घेतो. मला सगळ्यात जास्त नुकसान या गोष्टीचे वाटते. पैशाचे नुकसान त्यानंतर.

आता नेहमीचे युक्तिवाद एकेक करून पाहू.

पहिला युक्तिवाद : "गिटारीला दोन्ही हात लागतात. उलट डावखुऱ्याचा बळकट हात पडदे दाबायला मिळतो, म्हणजे त्याचा फायदाच." ऐकायला बरे वाटते. मग उजव्या हाताचे लोक स्वतःसाठी हा फायदा का घेत नाहीत? पडदे दाबणे हेच अवघड काम असेल तर त्यांनी गळा उजव्या हातात धरायला हवा होता. त्यांनी तसे केले नाही. लय, आघात, तारेचा लहानमोठा आवाज हे सगळे छेडणाऱ्या हातात असते आणि तो हात त्यांनी आपला मुख्य हात ठेवला. स्वतःसाठी एक नियम आणि आपल्याला मात्र 'फायदा', याला तर्क म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद : "मोठमोठे डावखुरे उजव्या हाताने वाजवतात." हे खरे आहे. मार्क नॉफ्लर डावखुरे असून उजव्या पद्धतीने वाजवतात. ज्याला जमते त्याने जरूर वाजवावे, त्याला बाजारातली प्रत्येक गिटार मोकळी आहे. पण एकाला जमले म्हणून सर्वांवर सक्ती का? ज्यांना जमले नाही ते मंचावर पोचलेच नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

तिसरा युक्तिवाद : "जिमी हेंड्रिक्सने उजव्या हाताची गिटार उलटी करूनच जग जिंकले ना?" जिंकले. पण त्याची गिटार इलेक्ट्रिक होती. तिच्या ब्रिजवर प्रत्येक तारेचे सॅडल वेगळे असते आणि स्क्रूने पुढे-मागे करता येते. माझ्या ३,२०० रुपयांच्या गिटारीत ती सोय नव्हती. पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बुर्गला हॉफनरचा व्हायोलिनच्या आकाराचा बास घेतला. त्या आकाराच्या दोन्ही बाजू सारख्या आहेत, डाव्या हाताने धरला तरी विचित्र दिसणार नाही, हे त्यामागचे एक कारण त्याने स्वतः सांगितले आहे. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध बासची निवड करतानाही डावखुऱ्याला आधी हा विचार करावा लागला!

पण मला या सगळ्यांपेक्षा जवळची वाटते ती एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनातली ही कृष्णवर्णीय बाई. लहानपणी लोकांच्या घरी काम करून मिळवलेल्या पैशांतून तिने गिटार घेतली. ती डावखुरी होती. तारा न बदलता तिने गिटार तशीच उलटी धरली, त्यामुळे जाड तारा बोटांनी आणि बारीक तारांवरची चाल अंगठ्याने, अशी तिची वेगळीच पद्धत तयार झाली. ती आज 'कॉटन पिकिंग' म्हणून ओळखली जाते. 'फ्रेट ट्रेन' हे तिचे गाणे जगभर गायले गेले. पुढे अनेक वर्षे ती घरकामच करत होती. ग्रॅमी मिळाला तो १९८५ मध्ये, वयाच्या नव्वदीत. तिच्याबद्दल वाचताना अभिमान वाटतो आणि रागही येतो. तिने अडचणीतून शैली घडवली हे तिचे कर्तृत्व. त्या अडचणीचे श्रेय व्यवस्थेला देता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. 'मागणीच नाही.' जगात साधारण दहापैकी एक माणूस डावखुरा असतो. मग दुकानातल्या चाळीस गिटारींत चार डाव्या का नसतात? दुकानदार म्हणतो, पडून राहतात, पैसा अडकतो. त्याची अडचण मला कळते. तो वाईट माणूस नाही. पण साखळी बघा. दुकानात डावी गिटार नाही, म्हणून डावखुरे मूल उजव्या हाताने शिकते किंवा सोडून देते. त्यामुळे डावी गिटार मागणारा दुकानात येत नाही. म्हणून मागणी नाही. म्हणून दुकानात डावी गिटार नाही. जो परिणाम आहे तोच कारण म्हणून सांगितला जातो! 'योग्य उमेदवार आढळला नाही' असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवलेल्या आपण पाहिल्या आहेत. हा तर्क त्याच घराण्यातला आहे.

बरे, मागवली तरी काय होते? कॅटलॉगमध्ये एकाच मॉडेलचे उजव्या हातासाठी अनेक रंग, अनेक प्रकार. डाव्यासाठी बहुधा एक. स्वस्तातली एखादी मिळते, महागातली आणखी महाग मिळते, मधल्या चांगल्या दर्जाच्या गिटारी गायब. माझी दुसरी गिटार मी अशीच पूर्ण पैसे भरून मागवली. पाच आठवड्यांनी आली. तारा गळ्यापासून इतक्या उंच होत्या की बोटे सोलून निघाली. परत घेणार नव्हतेच. उजव्या हाताचा ग्राहक चार गिटारी वाजवून, गळा डोळ्यांसमोर धरून, आवाज ऐकून पाचवी घेतो. डावखुरा फोटो बघून घेतो. ठाण्याच्या एका डावखुऱ्या गृहस्थांनी परदेशी जाताना आपली गिटार विकायला काढली, तेव्हा मी रात्रीच्या गाडीने गेलो आणि त्यांच्या घरी दोन तास ती वाजवून बघितली. वाजवायला लागून मला नऊ वर्षे झाली होती. घेण्याआधी गिटार वाजवून बघण्याचा तो पहिला प्रसंग. तीच आजही माझ्याकडे आहे.

भाचीचे काय केले? तिला आधी दोन्ही बाजूंनी धरायला दिली, दोन-दोन दिवस. तिचा कल स्पष्ट होता. मग नायलॉनच्या तारांची, कट नसलेली क्लासिकल गिटार घेतली. हिच्यात सॅडल बहुधा सरळच असते आणि आकारही दोन्हीकडे सारखा, त्यामुळे बदलायचे मुख्यतः नट. ते बनवायला मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. एका बुजुर्ग कारागिरांनी तारा मोजल्या, हाडाची पट्टी घासून खाचा पाडल्या. मी विचारले, "चाचा, डावखुऱ्यासाठी सतार मागितली तर?" ते मान वर न करता म्हणाले, "बनवतो की. त्यात काय?"

ही 'त्यात काय' म्हणणारी वृत्तीच हवी आहे. म्हणून आपल्या कार्यकर्त्यांना माझे काही सांगणे आहे. गटासाठी, अभ्यासिकेसाठी, वस्तीतल्या मुलांसाठी वर्गणीतून वाद्ये घेताना कोण कोणत्या हाताचे आहे हे आधी विचारा. एखादे मूल गिटार फिरवून धरत असेल तर ती सरळ करून देऊ नका. स्टीलच्या तारांची उजवी गिटार उलटवून मुलाच्या हाती देऊ नका. उलटवायचीच असेल तर नट आणि सॅडल दोन्ही बदलून घ्या. दुकानात गेलात की घ्यायची नसली तरी डावी गिटार आहे का विचारा. दहा जणांनी विचारले तर अकराव्याला 'मागणीच नाही' हे सांगताना दुकानदार अडखळेल. आणि कोणाचा सूर चुकत असेल तर त्याच्या कानाला दोष देण्याआधी त्याचे वाद्य तपासा.

तुमच्यापैकी कोणाकडे डाव्या हाताची गिटार धूळ खात पडली असेल तर ती विकू नका, आपल्या गटांमध्ये फिरू द्या. माझी जुनी, उंच तारांची गिटार मी दुरुस्त करून घेतली आहे. ज्याला हवी त्याने घेऊन जावी, शिकावे आणि पुढच्या डावखुऱ्याला द्यावी.